जवाएवढं

ग्रोशेर बेट, फिनलंड

सिक्स्टनच्या आजोबांनी खडकावर छिन्नीनं रेघ मारली,
खाली साल कोरलं: १९११.
तेव्हा पाणी रेघेला टेकलेलं होतं.
आज पाण्यात उभी राहिले
तर रेघ माझ्या कमरेला लागते.

समुद्र आटलेला नाही.
जमीन वर येतेय, वर्षाला जवाच्या एका दाण्याएवढी,
नखं वाढतात त्याहून सावकाश,
आमच्या गावसभेच्या कारभाराहून किंचित जलद.
(मी सभेची चिटणीस. मला बोलायचा हक्क आहे.)

इथं बर्फ बसला होता, तीन किलोमीटर जाड.
पुष्कळ काळ बसला. मग एकदाचं बूड हलवलं त्यानं,
त्यालाही दहा हजार वर्षं होऊन गेली,
आणि खडकाला अजून खात्री नाही.
दबकत दबकत
पाठ सरळ करतो आहे.

जिथं आजोबांच्या होड्या तरंगायच्या
तिथं एडला बटाटे लावते.
होडीघर दोनदा ओंडक्यांवरून ओढून खाली नेलं.
धक्का लांबतच चाललाय, उधारीच्या वहीसारखा.

वर आलेली जमीन कुणा एकाची नसते, गावाची.
म्हणून सभा. म्हणून कॉफी, वेलची घातलेला पाव,
आणि भांडणं.

यंदा सिक्स्टन उठला. तो कधी उठत नाही.
म्हणाला, दोन बेटांमधली ती चिंचोळी खाडी.
सगळ्यांना कळलं.
त्रेपन्न साली त्याचा धाकटा भाऊ होकन तिथं गेला,
आठ वर्षांचा.
पाणी त्याच्या डोक्यावरून वीतभरच होतं.
आता सिक्स्टनच्या मांडीला लागतं.
दर जूनमध्ये तो उतरून उभा राहतो.
काठी नाही, मोजपट्टी नाही. मांडीच.

"नव्वदेक वर्षांत तिथं गवत येईल," तो म्हणाला.
"घर बांधू देऊ नका कुणाला."
मग बसता बसता, "मेंढ्या चालतील."

मी लिहून घेतलं.
ठराव क्रमांक सात.
गट नंबर: अजून नाही.
जमीन: अजून नाही.
विरोधात कुणी नाही.
एडलानं पावाची ताटली त्याच्यापुढं सरकवली.

परतताना अकरा वाजले होते, उजेड होताच.
होडीचा तळ कशाला तरी खरवडला.
वाकून पाहिलं. दगड.
गेल्या वर्षी नव्हता.
म्हणजे,
होता.