वहिवाट

खरेदीखत एकवीस पानांचं होतं.
नोटरी ते वाचत होता धावत्या सुरात,
तो श्वास घ्यायला थांबे तिथे आम्ही माना हलवत होतो.
डेरिकला तीन शब्द कळले: छप्पर, विहीर, किंमत.
मला एकही नाही. मी नोटरीच्या बुटांकडे बघत होते,
त्यांना कुठलीशी तांबडी माती लागली होती.
मग सह्या. ग्रिम्स्बीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या बदल्यात
क्रूझमधलं अख्खं घर, कोठार, अडीच एकर काटेरी झुडपं
आणि भिंतींना कमरेपर्यंत ओल.

पहिला हिवाळा स्वयंपाकघरातच काढला,
कानटोप्या घालून झोपलो.
डेरिक सिमेंट कालवायचा, थापायचा,
दोन महिन्यांत भिंत ते ओकून टाकायची.
आर्मिंदो गवंडी आला, त्यानं भिंतीला कान लावला
आणि स्वतःचा गळा दोन्ही हातांनी धरून दाखवला:
असं केलंयत तुम्ही हिला. चुना लावा, चुना.

कोपऱ्यात विटांची एक घुमटी होती,
आतून काजळलेली, तोंडावर पत्रा.
आम्हाला तिथे न्हाणीघर हवं होतं.
तीन दिवसांत डेरिकनं ती उतरवली.
विटा एवढ्या सुबक निघाल्या
की बागेत त्यांची पायवाट केली,
मी बहिणीला फोटो पाठवला.

ऑक्टोबरमधला शेवटचा शनिवार. सकाळचे सात.
दार न वाजवता मादाम वॅलाद आत आल्या.
काखेत टोपली, टोपलीत फडक्याखाली
श्वास घेत असलेली कणीक.
मागे नातू, पाठीवर काटक्यांची मोळी.
बोंझूर म्हणत सरळ कोपऱ्याकडे गेल्या
आणि शॉवरसमोर उभ्या राहिल्या.

पान सतरा.
पुढे शाळामास्तरांनी ते आम्हाला उलगडून सांगितलं:
वॅलाद घराण्याला, त्यांच्या वारसांना,
वर्षातून दोनदा या भट्टीत पाव भाजण्याची वहिवाट,
विकणाऱ्यानं विकलं तरी, घेणाऱ्यानं घेतलं तरी.

त्या रडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.
पालथ्या हातानं त्यांनी फरशीला स्पर्श केला,
ताप बघतात तसा.
नळ सोडला. बंद केला.
‘गरम पाणी येतं?’
येतं, म्हटलं मी.
एवढं फ्रेंच मला येत होतं.

आमच्या विजेच्या ओव्हनमध्ये एका वेळी एकच पाव मावायचा.
पाव नऊ.
संध्याकाळपर्यंत टेबलाभोवती बसून राहिलो,
एकमेकांशी बोलता न येणारी तीन माणसं
आणि मोळीवर झोपलेलं एक पोर.
पाव पांढुरके निघाले, आजारातून उठल्यासारखे.
एक आमच्यासाठी ठेवून त्या गेल्या.
तो आम्ही उभ्या उभ्याच खाल्ला, लोणीसुद्धा न लावता.

रात्री डेरिक बॅटरी घेऊन बाहेर पडला.
पायवाटेची पहिली वीट उचकटल्याचा आवाज
मला अंथरुणात ऐकू आला.

न्हाणीघर आता कोठारात आहे.
जानेवारीत टॉवेल छातीशी धरून
अंगण ओलांडावं लागतं,
टपालवाल्याला याची फार गंमत वाटते.
भट्टी जरा डावीकडे कललीय.
आर्मिंदो म्हणतो दोष विटांचा,
डेरिक म्हणतो आर्मिंदोचा.

मादाम वॅलाद येतात, बाही सारून
उघडा हात भट्टीत धरतात आणि आकडे मोजतात.
वीसच्या आत हात ओढावा लागला तर आच जास्त,
तीसच्या पुढे गेला तर कमी.
डेरिक शेजारी उभा राहून मोठ्यानं मोजतो.
सहा वर्षं झाली, त्याचं फ्रेंच अजून
तीसच्या पुढे सरकलेलं नाही.

भिंतींची ओल उतरली,
कमरेवरून गुडघ्यापर्यंत आली, तिथेच थांबली.
आणखी एक थर द्यायचा का, मी विचारलं.
आर्मिंदोनं पुन्हा कान लावला, बराच वेळ.
राहू द्या, म्हणाला.
माणसं राहत्या घराला
इतकी असतेच.