झेडचा कप्पा

सेलूच्या मोंढ्यामागं, जिनिंगच्या भिंतीला चिकटून
एक छापखाना होता. त्याला पाटी नव्हती.
दुसऱ्यांच्या पावत्या, पत्रिका छापता छापता
स्वतःचं नाव छापायचं राहून गेलेलं.

जुळारी ग्यानोबा पांचाळ.
बाप सुतार, भाऊ सुतार,
हा एकटाच लाकडातून शिशात गेलेला.
मी आठवीत. इंग्रजी पाचवीपासून.
एवढ्यावर मी त्याची इंग्रजीची मास्तरीण.

इंग्रजीची केस त्यानं हैदराबादेहून जुनी आणलेली.
ई झिजून झिजून सी झालेला,
एसची पाठ मोडलेली,
पण क्यू, एक्स आणि झेड कोरे करकरीत,
शाईचा डागसुद्धा न लागलेले.
"हे नुसते बसून खातेत," तो म्हणायचा,
"यायला कामाला लाव.
हे ज्यात येतेत असे शब्द सांग. बारीक सांग,
स्टिकीत मावतील असे."

शाळा सुटली की दारात उभी राहून
मी एकेक द्यायची.
ऑक्स. बैल.
"दोन खिळ्यांत अख्खा बैल?" तो हरखला,
"आपल्याकडं वरच्या दोन मात्रांनाच एक खिळा जातो."
फॉक्स, कोल्हा. ॲक्स, कुऱ्हाड.
टॅक्स, म्हणजे नगरपालिकेचा माणूस
दारावर खडूनं लिहून जातो ते.
झील, हुरूप.
झेस्ट, लिंबाची वरची साल,
आणि हुरूपसुद्धा.
"दोन्हीला एकच?"
"पुस्तकात तसंच आहे."
साल कामून, याचा विचार त्यानं दोन दिवस केला.
क्विझला पेढा दिला,
एका हाकेत दोन आळशी उठले म्हणून.

वॅक्सला मात्र तो थांबला.
"वाकस?"
"वॅक्स. मेण."
"मेण कामून? वाकस म्हंजे वाकस.
माझ्या बापाच्या हातात असायचा. लाकूड तासायचा."
मी पुस्तक पुढं केलं.
त्यानं ते उलटं धरून पाहिलं, सवयीनं.
"मग आपल्या वाकसाला काय म्हणतेत तिकडं?"
माझ्या खिशातल्या डिक्शनरीत
इंग्रजीहून मराठीला यायची वाट होती,
परत जायची नव्हती.
"नसेल त्यांच्याकडं," मी म्हणाले.
तो काही बोलला नाही.
जुळवलेलं मेण सोडलं,
तीन खिळे तीन कप्प्यांत टाकले.

जिंतूर रोडला ऑफसेट आला,
तशी केस किलोवर गेली.
भंगाराच्या काट्यावर
ई आणि झेड एकाच भावानं गेले.
त्यातला एक झेड ग्यानोबानं माझ्या हातावर ठेवला.
तो आधी कंपासपेटीत, मग पर्समध्ये
नाण्यांशी खुळखुळत राहिला.
दोनदा रिक्षावाल्याला देता देता वाचला.

एकोणीस वर्षांनी, नांदेडला,
रविवारच्या इंग्रजी शब्दकोड्यात:
लाकूड तासण्याचं हत्यार, चार अक्षरं, तिसरं झेड.
ॲड्झ.
मोठ्या कोशात पाहिलं.
पुढं मराठीत एकच शब्द होता.

भावाच्या दुकानात तो उकिडवा बसलेला,
कानाला पेन्सिल.
मला ओळखायला त्याला वेळ लागला,
शब्दाला नाही.
"किती खिळे?"
"चार."
"झेड हाय?"
"हाय."
"म्हंजे होता त्यांच्याकडं."

समोरच्या फळीवर त्यानं पेन्सिलीनं चार अक्षरं ओढली,
उजवीकडून डावीकडं, उलटी,
छापल्यावर सुलटी उमटतील अशी.
भिंतीला टेकवलेल्या, पॉलिश व्हायच्या कपाटाच्या आरशात
मी ती वाचली.

मग "गिऱ्हाइकाची फळी हाय," असं म्हणत
त्यानं वाकस उचलला
आणि एकाच ढलपीत
सगळा शब्द काढून टाकला.