पूर्वसूचना

मुलाखतीत मी विचारलं होतं,
पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहतोस?
तो म्हणाला, आरसा असेल तिथे.
पॅनेलवरचे दोघे हसले. मीही.
गुण दिले चार, दहापैकी.
ते चार अजून फायलीत आहेत,
माझ्याच अक्षरात.

माणूस मिळेना, म्हणून पुन्हा बोलावलं.
या खेपेला प्रश्न नाहीत, समोर फक्त ट्रे:
खुब्याच्या ऑपरेशनची छप्पन्न हत्यारं.
इद्रिस प्रॉथरोने ती एकदा पाहिली.
हा चिमटा दुसऱ्या संचातला, म्हणाला,
बिजागरी वेगळी आहे.
स्वान्सीच्या या तळघरात
तो चिमटा आम्ही नऊ वर्षं उकळत होतो.

मग फॉर्म आला, 'वाजवी बदलां'चा, चार पानी.
वाजवी कुणाच्या मते, ते छापलेलं नव्हतं.
त्याने मागितलं एवढंच:
कोपऱ्यातली ट्यूब बदला, ती बोलते.
काम तोंडी सांगू नका, लिहा.
'जमलं तर बघ' म्हणू नका;
जमवायचं की बघायचं, ते ठरवा.

ट्यूबला एकवीस आठवडे लागले.
दिवा एका खात्याचा, शिडी दुसऱ्या,
सही रजेवर.
तोवर तो टोपीवर टोपी घालून बसे
आणि मी दुसऱ्या जिन्याने जाई.

ग्लेनिस म्हणाली, त्यालाच का वेगळा न्याय?
तिच्या खुर्चीला कमरेची उशी आहे,
हॉस्पिटलच्या खर्चाने.
मी उशीकडे पाहिलं. तिनेही पाहिलं.
पुढे बोलणं झालं नाही.

फेब्रुवारीत आगीच्या भोंग्याची चाचणी झाली.
मला ठाऊक होती. सांगायची राहिली.
तो सापडला ऑटोक्लेव्हच्या मागे,
गुडघ्यांत डोकं, कानांवर कोपरं.
हातातली कात्री मात्र कापडावर नीट ठेवलेली,
टोक भिंतीकडे, मूठ येणाऱ्याकडे.

मी सॉरी म्हटलं, तीनदा.
एकदा पुरे, तो म्हणाला. पुढची कधी?
मंगळवार, अकरा मार्च, सव्वादहा.
त्याने लिहून घेतलं.
मग माझ्या हातात पेन दिलं.

काल संध्याकाळी टेबलावर चिठ्ठी होती,
कोपऱ्याला कोपरा जुळवून दुमडलेली:

मिसेस खानोलकर,
उद्या सकाळी अकरा वाजता
मी तुम्हाला एक चांगली बातमी सांगणार आहे.
आवाज मोठा नसेल.

आत्ता दहा पन्नास झालेत.
मी फोन बंद करून ठेवलाय.
खुर्ची दाराकडे वळवलीय.