चौथी बॅटरी

सोसायटीच्या फलकावर लाल अक्षरात लिहिलंय:
पार्किंगमधल्या प्लगला कुणी हात लावायचा नाही.
म्हणून हे बिनवायरचं घेतलं.
मोठं मशीन होतंच की माझ्याकडे,
तीन किलोचं, मनगट खाणारं.
भायखळ्याच्या गाळ्यात बारा वर्षं तेच धरलं.

हे तीन इंची. मुठीत मावतं.
दाराच्या हँडलखाली शिरतं, आरशाच्या बगलेत शिरतं,
बॉनेटच्या धारेवर, जिथे रंग सगळ्यात पातळ,
तिथेही जाईल, पण तिथे मी टेप लावतो
आणि श्वास धरतो.

एक बॅटरी बावीस मिनिटं.
चार बॅटऱ्या, एक काळी गाडी.
हिशोब बसतो. जेमतेम, पण बसतो.

पी-टू, खांब एकोणचाळीस, कपाडिया साहेबांची गाडी.
रोज पहाटे पोऱ्या एकाच फडक्याने वीस गाड्या पुसतो,
फडक्यात शिवडीची सगळी सिमेंटधूळ.
टॉर्च तिरका धरला की उजेडाभोवती
गोल गोल ओरखडे उठतात, कोळ्याने विणल्यासारखे.

चार थेंब, मटारच्या दाण्याएवढे.
आधी पॅड टेकवायचं, थेंब पसरवायचे, मग बटण.
उलटं केलं तर पॉलिश चष्म्यावर, खांबावर,
शेजारच्या पांढऱ्या गाडीवर.
आडवं, मग उभं,
पुढची पट्टी आधीच्या पट्टीवर अर्धी चढवत,
कौलं घालतात तशी.
दाबायचं नाही. दाबलं की पॅड फिरायचं थांबतं,
नुसतं थरथरतं.
जोर न लावणं
शिकायला मला महिना लागला.

मधूनमधून तळहात ठेवून बघायचं.
पत्रा चहाच्या पेल्याइतका गरम, त्यापुढे नाही.

लोक म्हणतात, नव्यासारखी झाली.
ओरखडा काही भरून येत नसतो.
त्याच्या आजूबाजूचं काढत काढत
त्याच्या तळाशी यावं लागतं.
केसाचा विसावा भाग जातो दर वेळी.
गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगेन.
अजून कुणी विचारलेलं नाही.

संगमनगरच्या खोलीत प्लग दोन.
एकावर फ्रिज, एकावर माझ्या बॅटऱ्या,
हिरवा दिवा लागला की पुढची.
शुक्रवारी सासऱ्यांना धाप लागली.
सुमेधाने चौथी काढून नेब्युलायझर लावला,
रात्रभर त्याची घरघर, माझ्या मशीनच्याच सुरातली.
सकाळी तीच म्हणाली, चौथी अर्धीच आहे हं.
मी म्हटलं, पुरेल.

नाही पुरली.
मागच्या डाव्या दाराच्या खालच्या अंगाला
तळहाताएवढं राहिलं.
मशीनचा आवाज बारीक झाला, एक लाल ठिपका, मग गप्प.
प्लग दोन हातांवर, वर कॅमेरा.
स्टुलावर झा वॉचमन.
त्याने माझ्याकडे पाहिलं, प्लगकडे पाहिलं,
आणि तोंड धुवायला म्हणून जिन्याकडे गेला.

चार्जर घरी होता, नेब्युलायझरशेजारी.
बॅगेत असता तर लावला असता का,
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.
झा परत आला, तेव्हा मी हाताने घासत होतो.
त्याने काही विचारलं नाही, तंबाखू पुढे केली.
हाताने थोडं जातं. सगळं नाही.

कपाडिया साहेब फोनवर बोलतच खाली उतरले,
बॉनेटमध्ये पाहून केस सारखे केले,
पैसे पाठवले, वर पन्नास.

काल सायनच्या सिग्नलला तीच गाडी,
माझ्या स्कूटरच्या उजव्या हाताला, ऊन तिरकं.
काळ्या पत्र्यात पूल, टँकर, माझं हेल्मेट,
सगळं विहिरीत उतरावं तसं स्वच्छ,
आणि खाली तेवढ्याच जागी धुकं.
काच वर होती. आत साहेब हसत होते कुणाशी तरी.

सिग्नल सुटला, मागून हॉर्न.
माझ्या बॅगेत चारही भरलेल्या होत्या.