दारं धरणं

फहूदला रात्री अकराला पंप लावले.
खाली चुनखडी, वर आम्ही सहा जण,
आणि टाकीत पंधरा टक्के आम्ल,
ज्याला फुकट कष्ट उपसायची सवय नाही.

ते सोपी वाट धरतं.
आधीच भेगाळलेल्या थरात शिरतं,
पिऊन सुस्तावलेल्याला आणखी पाजतं.
शेजारचा घट्ट, मुका खडक
हातभर अंतरावर कोरडाच.

मास्कच्या आतून वजदी ओरडतो, सोड आता.
मी हॉपरमध्ये पिशव्या पालथ्या करतो :
पांढरे तंतू, साबुदाण्याएवढे दाणे.
खाली जाऊन रुंद तोंडांवर बसायचं,
एवढंच त्यांचं काम.

वैजूआत्या दारं धरायची.
वीज यायची रात्री दोनला.
पाटाचं पाणी उताराच्या वाफ्याकडेच ओढ घ्यायचं.
खोऱ्याने एक ढेकूळ ओढून
ती टाचेने दाबून बसवायची,
"पुरे की आता, पलीकडं बघ जरा."
हे वाफ्याला म्हणायची की पाण्याला,
मला कधी कळलं नाही.
बॅटरी धरून मी झोपेत डुलायचो.

काटा हलत नाही.
अठराशे. अठराशे दहा.
दुर्रान चहाचा कप घेऊन उभा,
पीत नाही.
अठराशे पाच.
वजदी अरबीत काहीतरी पुटपुटतो,
शिवी असेल, नाहीतर दुआ.
मग बावीसशे.
चोवीसशे.
बसलं!
दुर्रान एका घोटात गार चहा संपवतो.

खाली काय झालं ते कुणालाच दिसत नाही.
आम्ल अडलं असेल, वळलं असेल,
कुठेतरी पहिल्यांदा ओल पोचली असेल.
आमच्या वाट्याला फक्त काटा.

उजाडता खोलीवर आलो. बुटांत वाळू.
दादाचे तीन मेसेज :
टाइल्स, गेट, गाडीचा हप्ता.
बारा वर्षं पगार त्याच उताराने गेलाय.
उतार मीच पाडला, त्याला कशाला बोल लावू.

आत्याला अकाउंट नंबर विचारला.
म्हणाली, "कशाला रे? तू बरा आहेस ना?"
पुन्हा विचारला.
मग पासबुक शोधायला गेली,
फोन तसाच चालू ठेवून.
पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला,
बराच वेळ नुसता आवाज.

आता दादाचा फोन वाजतोय. चौथ्यांदा.
दाब चढतोय.

ते दाणे खालच्या उष्णतेने
दोन दिवसांत आपोआप विरघळतात,
मागे काही उरत नाही.
दोन दिवस.
तेवढं तरी मला बसून राहता आलं पाहिजे.