चारशे बिया

लेट्यूसची बी मोजताना श्वास आवरावा लागतो,
नाहीतर आपल्याच सुस्काऱ्यानं
एखादी उडून टेबलाखाली जाते
आणि शकील चिमटा आपटून म्हणतो,
"झालं! एकशे बारावी होती ती, बाई."

काचेच्या बशीत ओला टीपकागद, तीन पदरी.
कडेनं पंधरा, आतल्या फेरात नऊ,
मधोमध एक, भोंडल्याच्या हत्तीसारखी.
अशा सोळा बशा.
एक दिवस त्यांना पाणी पिऊ देतो,
फुगू देतो,
मग रात्रभर उणे वीसमध्ये ठेवतो.

नवी आलेली शर्वाणी फ्रीजरचं दार धरून उभी.
"मारायचंच होतं तर पाजलं कशाला?"
मी पुस्तकातलं उत्तर दिलं:
कोंब वाढला की गर्दी करतो, बुरशीला झाकतो.
मेलेल्या बीवर ती निवांत पसरते, दिसते.
उत्तर बरोबर होतं.
तिनं दार लावलं नाही, मीच लावलं.

आठवा दिवस गुरुवार. शिवाजीनगरची वीज गेलेली.
सूक्ष्मदर्शक खिडकीशी ओढून घेतला.
चौथ्या बशीत काळे ठिपके, खसखशीहून बारीक,
एकातून पांढरा धागा निघालेला,
सोऱ्यातून शेव उतरावी तसा: सेप्टोरिया.
नवव्या बशीत अल्टरनेरिया,
एकीच्या चोचीवर दुसरी, दुसरीच्या चोचीवर तिसरी,
पोरं आगगाडी खेळतात तशी साखळी.
सुंदर आहे.
अहवालात त्याला रकाना नाही.

दुपारी पौडहून कुदळ्यांचा फोन.
पॉलिहाऊसात ट्रे भरलेले, कोकोपीट भिजलेलं,
कोरेगाव पार्कच्या दोन हॉटेलांना शब्द दिलेला.
"किती निघाल्या?"
चारशेत अकरा.
"म्हणजे तीनशे एकोणनव्वद चांगल्या की!"
त्या मी गोठवल्या, असं तोंडाशी आलं होतं.
म्हटलं, पाकिटं फोडू नका.
या ट्रेमधून त्या ट्रेत जायला
तिला झारीचा एक शिंतोडा पुरतो.
पलीकडे बराच वेळ नुसता पंख्यांचा आवाज.

संध्याकाळी बशा ऑटोक्लेव्हला लावल्या.
सांडलेलं पुसायला वाकले तर
टेबलाच्या पायाशी, फरशीच्या भेगेत,
रोजच्या पोछ्याच्या ओलीवर
दोन पानं, टिकलीएवढी.
शकीलची एकशे बारावी.
हिला बशी नाही, नंबर नाही,
हिच्या पोटात काय आहे कोण जाणे.
भिंग खिशातच होतं.
आधी शर्वाणीला हाक मारली.