सत्तेचाळीस ग्रॅम

गुजरीत धूळ कुणी फेकत नाही, धुळा.
दुकान झाडलं की केर डब्यात.
महिन्याअखेरी झारेकरीण येते, डबा कानाशी हलवते,
आवाजावरूनच भाव करते.
तुझं नाव पहिल्यांदा ऐकलं आणि मला हसू आलं
ते यामुळं.
"दात काढायला काय झालं रं?" तू विचारलंस.
मी सांगितलं नव्हतं.

तू करदोडा मोडायला आला होतास.
आईनं घातलेला, झिजून दोऱ्याएवढा उरलेला.
मी वजन सांगितलं.
"एवढंच? मग ऱ्हाऊ दे," म्हणालास,
आणि नुसता पंजा ठेवलास माझ्या काट्यावर.
काट्यावरचे आकडेच गेले.
आतून बाबा खाकरले.

मग रोजच. शटर ओढून मी तालमीच्या दारात,
चपला हातात धरून उभा.
ताक, तेल, हळद कालवलेल्या त्या मातीचा वास
बाहेर उभ्या माणसालाही चिकटतो.
आई माझा शर्ट भिजवायची,
काही बोलायची नाही,
बादली तेवढी वेगळी.

आमचं दुकान पणजोबांपासून एकाच उंबऱ्यावर.
तुझे वडील आज कुणाच्या रानात मेंढरं बसवून आहेत
हे तुला चार फोन करून कळायचं.

रात्री गंगावेशीत म्हशी ओळीनं उभ्या,
धार थेट ग्लासात, वर फेस.
सूर्य बुडालेला. मला चालायचं नाही.
तरी तू दोन ग्लास सांगायचास,
एक माझ्या हातात द्यायचास,
धरायला.
तळव्यांना ऊब पोचेस्तोवर मी धरायचो,
मग माझाही तूच प्यायचास.
"नेम्या, लेका, तुझ्या नावातच नेम हाय,"
मिशीवर फेस तसाच.

निवडीची आदली रात्र.
गट चौऱ्याहत्तरचा, तू दोन किलो वर.
अंगात रेनकोट, वर स्वेटर, रंकाळ्याला फेऱ्या.
मी मागं स्कूटरवर, दिवा तुझ्या पाठीवर.
तू थुंकत पळत होतास.
पाणी दिसू नये म्हणून तळ्याकडं
मान वळवत नव्हतास.
मीही प्यालो नव्हतो.
माझं ते जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटायला,
तुझं चौऱ्याहत्तर किलोंत बसायला.
पहाटे तीनला घसा कोरडा पडतो तेव्हा
कुणाची तहान कशासाठी,
खरं सांगतो,
मला निवडता आलं नसतं.

पन्नास ग्रॅम राहिले, म्हणालास. केस काप.
अर्ध्या शटरखालून आत आलो.
रेशीम कापायची छोटी कात्री,
तुझं डोकं माझ्या मांडीवर.
तो फुटका कान,
चुरगाळून तसाच घट्ट झालेला.
तिथं आलं की माझा हात थांबायचा.
"काप बिनधास. त्यो कवाच मेलाय."
मी बोट ठेवलं.
गरम होता.

केस काट्यावर घातले. सत्तेचाळीस.
"तीन ऱ्हायलं," म्हणालास,
आणि कमरेचा करदोडा सोडून
माझ्या हातात दिलास.
करदोडा असा सोडत नाहीत.
तुला माहीत होतं, मला माहीत होतं.
बाहेर दूधवाल्याची सायकल गेली.

लोक विचारतात, जिंकला का रे तुझा पैलवान?
मला कुस्ती आठवत नाही.
आकडा आठवतो, चौऱ्याहत्तर,
वर एक गुंज नाही.
नंतर तू हरियाणात गेलास. तिथं माती नाही म्हणे, मॅट.
मॅटचा वास लागत नाही शर्टाला.
पहिल्या वर्षी फोन यायचे. कुठल्या कानाला लावायचास
हे विचारायचं राहिलं.

चांदी अंगावर नसली की काळी पडते,
म्हणून अधूनमधून
दुपारी गिऱ्हाईक नसताना
करदोडा घालून बसतो, शर्टाच्या आत.

परवा झारेकरीण आली.
चुकून तिच्या हाती वरच्या फळीवरचा डबा गेला.
कानाशी धरून हलवला तिनं,
पुन्हा हलवला.
"शेठ, ह्यात काय वाजतच न्हाई की."

मी डबा काढून घेतला.
ती भाव विचारत होती.